डॉक्टर गर्टी कोरी : संशोधन आणि संसार

वार्षिक खेळांच्या दिवशी शंभर मीटरांची शर्यत संपते आणि पहिला आलेला विद्यार्थी गवतावर आडवा होतो. ऊर भात्यासारखा हलत असतो. पायांत उभे राहण्याचेही त्राण उरलेले नसते. परंतु तासाभराने पाहावे तो तोच विद्यार्थी पुढच्या शर्यतीसाठी चुन्याच्या रेषेवर येऊन उभा! मधल्या वेळात त्याने काही पानावर बसून भोजन केलेले नसते. फार तर घोटभर पाणी. मग त्याच्या थकलेल्या पायांची व्यवस्था एवढ्या अवधीत लावली कोणी? धावताना स्नायूंतील जी साखर अर्धवट खर्ची पडली तिचे पुढे झाले काय? ह्या प्रश्नाचे उत्तर इ. स. १९२९ मध्ये ज्या दोघांनी जगापुढे मांडले ते पतिपत्नी होते. त्यांतील पत्नीचे, डॉक्टर गर्टी कोरी ह्यांचे, चरित्र विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या आईबापांपुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

गर्टी थेरेसा रॅडनिट्झ हिचा जन्म १५ ऑगस्ट १८९६ रोजी प्राग शहरी झाला. आज प्राग ही चेक प्रजासत्ताकाची राजधानी आहे. त्या काळी ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातील एक शहर होते. वडील ओटो रॅडनिट्झ हे रसायनशास्त्रज्ञ असून साखर शुद्ध करण्याच्या कारखान्यांचे व्यवस्थापक होते. त्यांच्या मुलीने पुढे जन्मभर साखरेचाच माग काढावा, हा योगायोग साखर कारखान्याच्या परिसरात वाढलेल्या आपल्याकडील मुलांना विशेष गमतीचा वाटेल. तिघी बहिणींत गर्टी थोरली. दहा वर्षांची होईपर्यंत तिचे शिक्षण घरीच झाले. नंतर तिला मुलींच्या शाळेत घातले.

ही शाळा वाईट होती असे नव्हे. परंतु चांगल्या घरच्या मुलीने चार माणसांत शोभेल असे बोलावे-चालावे, कलावाङ्मयाची थोडी गोडी ठेवावी, ह्यापलीकडे तिला काही लागेल असे शाळा चालविणाऱ्यांच्या मनातच आले नव्हते. सोळाव्या वर्षी गर्टीने ठरविले की आपण वैद्यकाचे शिक्षण घ्यावयाचे. तिचे मामा बालरोगांचे प्राध्यापक होते. त्यांनी तिला उत्तेजन दिले. पण विश्वविद्यालयाच्या दाराशी जाऊन पाहते तो प्रवेशपरीक्षेसाठी आठ वर्षांचे लॅटिन हवे, पाच वर्षांचे गणित हवे, आणि पदार्थविज्ञान व रसायन हेही पाच-पाच वर्षांचे हवे! हिच्या पदरी ह्यांतले जवळजवळ काहीच नव्हते. दुसरी एखादी मुलगी तेथूनच परत फिरली असती व तिला कोणी नावही ठेवले नसते. गर्टीने हा सगळा अभ्यास सुमारे एका वर्षात उरकला आणि १९१४ मध्ये ती परीक्षा उत्तीर्ण झाली. आयुष्यात आपण दिलेल्या परीक्षांत हीच सर्वांत कठीण, असे ती मागाहून सांगत असे. येथे आईबापांस एक गोष्ट सुचवाविशी वाटते. त्या एका वर्षाच्या कष्टांचे आपण कौतुक करतो ते योग्यच आहे. पण ते कष्ट तिला का करावे लागले? मुलीस गणित कशाला, असे कोणीतरी तिच्या लहानपणीच ठरवून टाकले होते म्हणून. तिला एक वर्ष पुरले. किती जणींस पुरले नसेल, ह्याची मोजदाद कोणी ठेविली आहे?

प्रागच्या जर्मन विश्वविद्यालयात वैद्यक शिकत असताना कार्ल कोरी हा सहाध्यायी तिला भेटला. दोघेही एकाच वर्षी जन्मलेले. दोघांसही डोंगर चढण्याची आवड आणि रोग्यांना औषध देण्यापेक्षा रोगाचे मूळ शोधण्याची ओढ अधिक. पहिले महायुद्ध सुरू झाले, कार्लला सैन्यात जावे लागले, शिक्षण खंडित झाले. तरी तो परतल्यावर दोघांनी विद्यार्थिदशेतच रक्तद्रवासंबंधी एक संशोधन केले व ते दोघांच्या नावे प्रसिद्ध झाले. १९२० मध्ये दोघे डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. गर्टीचे घराणे ज्यू. विवाहासाठी तिने कॅथलिक धर्म स्वीकारला. असे असूनही अशा सुनेमुळे मुलाच्या उत्कर्षास बाध येईल अशी भीती कार्लच्या घरच्या मंडळींस वाटत होती. त्या काळच्या मध्य युरोपात ज्यूंविषयीचा द्वेष किती खोल गेला होता हे पाहता ही भीती अगदीच निराधार नव्हती, असे खेदाने म्हणावे लागते.

नवपरिणित जोडपे व्हिएन्नास आले. गर्टीबाई मुलांच्या एका इस्पितळात काम करू लागल्या. युद्धाने सर्वस्व गमावलेल्या त्या शहरात अन्नाची इतकी टंचाई होती की पुरेशा आहाराअभावी बाईंचे डोळे कोरडे पडू लागले. अ जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा हा विकार. आपल्या देशातील गरीब मुलांस तो फार काळ छळीत आला आहे. माहेरी जाऊन चार दिवस नीट अन्न मिळाले तेव्हा डोळे बरे झाले. अशा परिस्थितीत संशोधन होणे शक्य नाही हे ओळखून दोघे युरोपाबाहेर वाट शोधू लागले. जावा बेटात तेथील रहिवाशांचे डॉक्टर म्हणून जाण्यासाठीही त्यांनी अर्ज केला होता! परंतु तेवढ्यात अमेरिकेतील बफेलो शहरी, कर्करोगाच्या अभ्यासासाठी असलेल्या सरकारी संस्थेत, कार्लला जागा मिळाली. १९२२ मध्ये तो पुढे गेला. सहा महिन्यांनी गर्टीबाईही तेथेच साहाय्यक म्हणून रुजू झाल्या.

येथपर्यंत संकटे होती ती युद्धाची व दारिद्र्याची. आता निराळ्याच जातीचे संकट उभे राहिले. बाईंनी आपल्या खोलीत बसून सूक्ष्मदर्शकातून नेमून दिलेले काम पाहावे, पतीच्या प्रयोगशाळेत जाऊ नये, गेल्यास नोकरी जाईल, अशी ताकीद त्यांना मिळाली. बाईंनी काही काळ आपली खोली सोडली नाही. मग हळूहळू, गाजावाजा न करता, दोघांचे काम पुन्हा एकत्र सुरू झाले. बफेलोतील नऊ वर्षांत दोघांच्या नावे सुमारे पन्नास निबंध प्रसिद्ध झाले आणि बाईंनी एकटीने लिहिलेले अकरा निराळे.

त्यांनी हाती घेतलेला प्रश्न असा होता. आपण अन्न खातो, त्यातील पिठुळ व गोड भागाची शेवटी ग्लुकोज नावाची साखर होते. ही सर्वच साखर लगेच खर्च होत नाही. शेतकरी जसा सुगीचे धान्य कणगीत भरून ठेवतो तसे शरीर ती साखर ग्लायकोजेन ह्या रूपाने दोन ठिकाणी साठविते : काही यकृतात, काही स्नायूंत. १९२१-२२ मध्ये इन्शुलिनचा शोध लागल्यामुळे मधुमेहाविषयी सर्वत्र मोठी उत्सुकता होती. परंतु साखर शरीरात कोठून निघते, कोठे जाते, ह्याचा बिनचूक जमाखर्च कोणापाशी नव्हता. कोरी दांपत्याने हा जमाखर्च मांडण्यास प्रारंभ केला, तोही उंदरांवर. उंदरांना मोजून साखर द्यावयाची; आतड्यातून शोषली किती, यकृतात साठली किती, जळून गेली किती, हे पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या कारकुनाप्रमाणे लिहून काढावयाचे. ह्या कामात चमत्कृती काहीच नाही. विद्यार्थ्यांस शोध म्हटला की एकदम सुचलेली कल्पना डोळ्यांपुढे येते. हा शोध वजनाच्या काट्यावर लागला.

हिशेबात एक कोडे निघाले. भीती वाटली वा श्रम पडले म्हणजे शरीरात अॅड्रेनलिन नावाचा रस सुटतो. तो उंदरांस टोचला असता स्नायूंतील ग्लायकोजेन कमी होई, पण यकृतातील मात्र वाढे. हे कसे? स्नायूची कणगी स्वतःपुरतीच असते. तिच्यातील साखर ग्लुकोजच्या रूपाने रक्तात सोडण्याचे साधन स्नायूपाशी नाही. मग यकृतात भर पडली कोठून? उत्तर असे की स्नायू वेगाने काम करू लागला, प्राणवायू पुरेसा पोहोचेना, म्हणजे साखर पूर्ण न जळता तिचे लॅक्टिक आम्ल बनते. तेच आम्ल ताक-दह्यातही असते. हे आम्ल रक्तावाटे यकृतात जाते. यकृत त्याची पुन्हा साखर बनविते, काही साठविते, काही रक्तात सोडते, आणि ती साखर रक्तावाटे परत स्नायूत येते. पाण्याची रिकामी मोट विहिरीत उतरावी व भरून वर यावी, तसा हा फेरा अखंड चालू असतो. ह्यालाच जगभर ‘कोरी चक्र’ असे म्हणतात. आमच्या शर्यतवीराच्या पायांतले बरेचसे आम्ल त्याचे हृदय व इतर स्नायू जाळूनही टाकतात, हे पुढच्या संशोधनाने दाखविले आहे. पण उरलेले ह्याच वाटेने यकृताकडे जाऊन साखर होऊन परत येते. अर्थात हा उद्योग यकृत फुकट करीत नाही. जितकी शक्ती त्या साखरेपासून स्नायूस मिळाली त्याहून अधिक शक्ती यकृतास ती पुन्हा घडविताना खर्चावी लागते. दमलेला मुलगा शर्यत संपल्यावरही बराच वेळ धापा का टाकीत राहतो, ह्याचे एक कारण हेही आहे.

एवढे नाव झाल्यावर कार्लला मोठमोठ्या विश्वविद्यालयांतून बोलावणी येऊ लागली. मात्र ती एकट्यासाठी होती. एके ठिकाणी तर अट अशी घातली की पत्नीबरोबर काम करणे त्याने सोडून द्यावे. गर्टीबाईंस बाजूला नेऊन सांगण्यात आले की तुम्ही पतीच्या मार्गातील धोंड होऊन बसला आहात. पत्नीसह काम करणे ही अमेरिकेची रीतच नव्हे. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्या माणसासाठी व ज्या कामासाठी सर्व सोडून आलो, त्या दोहोंपैकी एकावर आपल्यामुळे घाला येतो आहे असे कोणी तोंडावर सांगावे, ह्याहून कठोर बोल कोणते? परंतु कार्लने ती जागा नाकारली. ह्या चरित्रात कार्लचे नाव दुसरे येते, म्हणून त्याची ही निष्ठा वाचकांनी विसरू नये.

१९३१ मध्ये सेंट लुई शहरातील वॉशिंग्टन विश्वविद्यालयाने दोघांस बोलावले. कार्ल औषधिशास्त्र विभागाचा प्रमुख झाला. गर्टीबाईंस मात्र, एका कुटुंबातील दोघांस प्राध्यापक नेमता येत नाही ह्या नियमावर बोट ठेवून, केवळ संशोधन-साहाय्यकाची जागा व पतीच्या मानाने अगदी अल्प वेतन मिळाले. पदाचा व पगाराचा हा कमीपणा बाईंनी सोसला; प्रयोगशाळेतले मेज मात्र सोडले नाही. ह्या व्यवहारात न्याय होता असे कोणी समजू नये.

आता ते उंदरावरून बेडकाच्या स्नायूकडे, म्हणजे सबंध प्राण्याकडून एका पेशीच्या आत वळले. स्नायूचा खिमा करून तो शुद्ध पाण्याने धुवावयाचा आणि त्यात ग्लायकोजेनचे काय होते ते पाहावयाचे. १९३६ मध्ये त्यांना त्यात एक असे द्रव्य सापडले की जे तोपर्यंत कोणासही ठाऊक नव्हते : ग्लुकोजच्या पहिल्या कार्बनास फॉस्फेट चिकटलेले. ग्लायकोजेन पाण्याने फुटत नाही, फॉस्फेटाने फुटते, ही त्यातून निघालेली मोठी गोष्ट. हे करणाऱ्या एन्झाइमास, म्हणजे पेशीतील रासायनिक घडामोडी घडवून आणणाऱ्या विकरास, त्यांनी फॉस्फोरिलेज हे नाव दिले. १९३९ मध्ये तर त्यांनी ह्याच मार्गाने उलटे जाऊन परीक्षानळीत ग्लायकोजेन तयार करून दाखविले. जिवंत शरीराबाहेर असे प्रचंड द्रव्य घडविता येईल ह्यावर तोपर्यंत फार थोड्यांचा विश्वास होता. नव्या द्रव्यास ‘कोरी एस्टर’ म्हणतात. २००८ मध्ये अमेरिकेच्या टपालखात्याने गर्टीबाईंच्या चित्राचे तिकीट काढले व त्यावर ह्या द्रव्याची आकृती छापली, तीच नेमकी चुकीची! बाई मोजमापाच्या बाबतीत भारी कडक. त्यांनी ते तिकीट परत पाठविले असते ह्यात संशय नाही.

आणि ज्या १९३६ साली हा शोध लागला त्याच सालच्या ऑगस्टमध्ये, विवाहानंतर सोळा वर्षांनी, त्यांना मुलगा झाला. त्या उन्हाळ्यात सेंट लुई येथे भयंकर उकाडा होता, तरी प्रसूतीची वेळ येईपर्यंत बाई प्रयोगशाळेत येत होत्या. बाई चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. हातात अपुरे काम आणि पाळण्यात मूल. घर त्यांनी टाकले नाही. पाहुण्यांचे आतिथ्य, बागेतील फुलझाडे, वाचनाचा प्रचंड नाद, सुटीत पतीबरोबर डोंगरावरची भटकंती, हे सारे चालू होते. पण घरासाठी प्रयोगशाळा सोडली असेही झाले नाही. हे दोन्ही सांभाळताना त्यांना ओढाताण झाली नसेल असे कोण म्हणेल? मदतनीस ठेवता येण्याइतकी त्यांची परिस्थिती होती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सर्वच मातांस ती सोय नसते. मुलगा टॉम पुढे रसायनशास्त्रज्ञच झाला.

त्यांच्या प्रयोगशाळेत शिकून गेलेल्या तरुणांपैकी कॉर्नबर्ग, ओचोआ, लेलॉयर, सदरलंड, डी ड्यूव्ह व क्रेब्स ह्या सहा जणांस पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. ह्यावरून त्या जागेची योग्यता कळून येईल.

१९४७ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात सर्वांत आनंदाचे आणि सर्वांत दुःखाचे ठरले. त्या वर्षी बाईंना अखेर प्राध्यापकपद मिळाले. वय एकावन्न होत आले होते. त्याच वर्षी नोबेल पारितोषिक जाहीर झाले. अर्धे कोरी पतिपत्नींस मिळून, अर्धे अर्जेंटिनाचे बर्नार्दो हूसाय ह्यांस. शरीरक्रिया व वैद्यक ह्या विषयाचे नोबेल मिळविणाऱ्या गर्टी कोरी ह्या जगातील पहिल्या स्त्री होत. परंतु स्टॉकहोमला जाण्यापूर्वी, त्याच उन्हाळ्यात, कोलोरॅडोच्या डोंगरांत चढण चढताना त्यांना एकाएकी त्राण उरले नाही. तपासाअंती कळले की हाडांतील रक्त तयार करणारी मज्जाच नासत चालली आहे. ह्या रोगावर तेव्हा उपाय नव्हता. बाई स्टॉकहोमला गेल्या, हसतमुखाने समारंभात वावरल्या. मेजवानीच्या भाषणात कार्ल म्हणाला की आमचे दोघांचे प्रयत्न एकमेकांस पूरक होते, एकट्याने कोणीच इतके दूर आलो नसतो. जे सहकार्य मोडावयास लोकांनी ताकीद दिली, आमिष दाखविले, नियम दाखविला, त्याच सहकार्याचा तो सत्कार होता.

त्यानंतर त्या दहा वर्षे जगल्या, त्याही दुसऱ्यांच्या रक्तावर. वारंवार रक्त भरून घ्यावयाचे आणि प्रयोगशाळेत परतावयाचे. कामाच्या खोलीत एक लहानशी खाट ठेविली होती. थकवा असह्य झाला म्हणजे घटकाभर पडून पुन्हा उठत. शेवटी शेवटी चालवेनासे झाले तेव्हा कार्ल त्यांना उचलून एका जागेवरून दुसऱ्या जागी नेई.

ह्याच दहा वर्षांत त्या पुन्हा लहान मुलांकडे वळल्या. काही मुले जन्मतःच अशी असतात की त्यांचे यकृत ग्लायकोजेनने फुगत जाते, पोट मोठे होते, आणि तरीही दोन जेवणांमधल्या वेळात रक्तातील साखर इतकी उतरते की मूल झटके येऊन बेशुद्ध पडते. कणगी काठोकाठ भरलेली आणि घरात उपास! १९५२ मध्ये कोरी दांपत्याने दाखवून दिले की अशा मुलांपैकी काहींच्या यकृतात एक एन्झाइम मुळातच नसते. ते नसल्यामुळे साखरेस चिकटलेला फॉस्फेट सुटत नाही आणि साखर यकृताबाहेर पडत नाही. जन्मजात रोगाचे कारण यकृतातील एका एन्झाइमाचा अभाव होय, हे असे प्रत्यक्ष दाखवून देण्याची ती पहिलीच वेळ. दुसऱ्या काही मुलांत दोष निराळा निघाला. ग्लायकोजेनाचा रेणू फांद्या फुटलेल्या झाडासारखा असतो. फॉस्फोरिलेजची कात्री सरळ फांदी कापीत येते, पण बेचक्याजवळ थांबते; बेचके कापण्यास दुसरी कात्री लागते. ती ह्या मुलांजवळ नव्हती, म्हणून छाटलेल्या फांद्यांचे खुंट यकृतात साचत. ह्या विकारास आज ‘कोरी रोग’ असेच नाव आहे.

२६ ऑक्टोबर १९५७ रोजी सेंट लुई येथे राहत्या घरी गर्टीबाई निवर्तल्या. काही वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या श्रद्धेविषयी रेडिओवर थोडे बोलून ठेविले होते. स्मरणसभेत तेच ध्वनिमुद्रण लावण्यात आले. तरुणपणी प्रामाणिकपणा व धैर्य ह्यांचे मोल अधिक वाटे, आता वाढत्या वयाबरोबर दयाळूपणाचे वाटू लागले आहे, अशा आशयाचे काही त्यांत होते.

ज्या मुलांचे यकृत साखर सोडीत नाही त्यांच्यासाठी पुढे, १९८० नंतरच्या दशकात, एक साधा उपाय निघाला. मक्याचे पीठ न शिजविता, नुसते थंड पाण्यात कालवून पाजावयाचे. कच्चे पीठ पोटात सावकाश पचते, त्यातील साखर थोडी थोडी रक्तात येत राहते, आणि जे काम यकृताने करावयाचे ते काही तास हा पेला करतो. अशा मुलांच्या घरी आजही मध्यरात्री गजर होतो. आई किंवा बाप उठतो, पीठ मोजतो, पाण्यात ढवळतो, आणि झोपेतल्या लेकराच्या ओठांना पेला लावतो.